स्वित्झर्लंड, सहा माणसं, नागपूरहून : खर्च नेमका कुठे कमी करता येतो?

खामला_चौक
नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवसांपासून नुसतं वाचून राहिले, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. आम्ही सहा जणं आहोत, मी, नवरा, मुलगा १३ वर्षांचा, मुलगी ९ ची आणि सासू-सासरे, बाबा ७१ चे अन आई ६६ च्या. बाबांचं रिटायर झाल्यापासून एकच आहे की बर्फाचा डोंगर जवळून पाहायचा आणि तो स्वित्झर्लंडचाच, आयुष्यभर त्यांनी चिखलदरा आणि पचमढीच्या पुढे कुठे डोंगर पाहायला स्वतःवर पैसा खर्च केला नाही, आता त्यांच्यासाठी हे करायचंच असं आमचं ठरलं आहे. बर्डीवरच्या एका टूरवाल्याकडे चौकशी केली तर माणशी साडेतीन लाख, व्हिसा वेगळा, मुलांना फार काही कमी नाही. सहाचे किती होतात ते तुम्हीच पहा. आमच्याकडे सगळं धरून बारा लाख आहेत, त्याच्या वर एक रुपया नाही, आणि कर्ज काढून फिरायचं नाही हे नक्की. आपलं आपण केलं तर बारा लाखांत नऊ-दहा दिवस होतात का? जे जाऊन आले त्यांनी खरं खरं सांगा, काय केलं आणि काय केलं असतं तर पैसे वाचले असते.

मिहानवाला
ताई होतात, पण आत्तापासून बसून हिशेब करावा लागेल. फ्रँक, म्हणजे तिथलं चलन, २०२४ ला शंभर रुपयांच्या आसपास होता; तुमच्या वेळचा रेट पाहून एक गोल आकडा धरूनच चाला, म्हणजे डोकं सोपं राहते.

आम्ही २०२४ ला चौघं गेलो होतो. सगळ्यात मोठी चूक सांगतो. सगळे स्विस ट्रॅव्हल पास घेतात म्हणून आम्ही पण डोळे मिटून ८ दिवसांचा घेतला, तेव्हा दुसऱ्या वर्गाचा माणशी ४१९ फ्रँक होता. पास वाईट नाही, रेल्वे, बस, तळ्यातल्या बोटी, पाचशेच्या वर म्युझियम सगळं त्यात येते. पण आम्ही काय केलं, एकाच गावात पाच दिवस राहिलो आणि लांबचा प्रवास फक्त दोन दिवस. मग एवढा महागाचा पास कशासाठी घेतला? त्याच वर्षी हाफ फेअर कार्ड १२० फ्रँकला होतं, एक महिना चालते, आणि रेल्वे, बस, बोट, बहुतेक रोपवे सगळीकडे अर्धं तिकीट. युंगफ्राऊयोख म्हणजे बर्फातलं उंचावरचं रेल्वे स्टेशन, सगळे त्याला नुसतं युंगफ्राऊ म्हणतात, तिथे तर फरक अजून मोठा, पासवर ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेन या खालच्या गावांच्या वर फक्त पाव सूट मिळते आणि हाफ फेअरवर अर्धी. तिथलं पूर्ण तिकीट उन्हाळ्यात दोनशे फ्रँकच्या वर जाते, म्हणजे एका माणसामागे पन्नासेक फ्रँकचा फरक एका दिवसात. दर दरवर्षी बदलतात, काढायच्या दिवशीचे पहा, पण हिशेबाची पद्धत तीच राहते: त्यांच्या रेल्वेचं एसबीबी ॲप घ्या, रोजचा प्रवास एका वहीत लिहा, पूर्ण भाडं, अर्धं भाडं, बेरीज करा, मग पासशी तुलना करा. आम्ही ही वही परत आल्यावर केली.

आणि मुलांचं लिहायचं राहिलं होतं, हे सगळ्यात महत्त्वाचं. ६ ते १५ वर्षांच्या मुलांना स्विस फॅमिली कार्ड फुकट मिळते, आई किंवा बाबा सोबत असले आणि त्यांच्याकडे पास किंवा हाफ फेअर असलं की मुलांचा प्रवास फुकट. स्वतःहून मागावं लागते, आपोआप येत नाही. तुमची दोन्ही मुलं त्यात बसतात.

खामला_चौक
मुलांचं फुकट आहे हे टूरवाल्याने सांगितलंच नाही! त्याने तर दोघांचे पण जवळपास पूर्ण पैसे लावले होते. खूप खूप धन्यवाद दादा. वही आजच केली.

इतवारीकर
मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. सत्तरीची माणसं सोबत असली की टूरच बरी. बस दारात येते, बॅगा उचलायला माणूस, जेवायला वरण-भात. आमचे वडील टूरमध्ये गेले होते, त्यांना काहीच त्रास झाला नाही. पैसे वाचवायच्या नादात म्हाताऱ्या माणसांना प्लॅटफॉर्मवर बॅगा ओढायला लावू नका.

प्रतापनगर_काकू
इतवारीकर भाऊ, तुमचं म्हणणं पटते पण आमचा अनुभव उलटा आहे, माझ्या सासूबाई तेव्हा ६९ च्या होत्या. टूरमध्ये रोज सकाळी सातला बॅग भरून खाली, दर दोन दिवसांनी नवीन हॉटेल, म्हातारं माणूस त्याच्यानेच दमते. आम्ही एकाच गावात घर घेऊन सहा रात्री राहिलो, बॅग एकदाच उघडली अन एकदाच भरली. ज्या दिवशी सासूबाईंचे पाय दुखले त्या दिवशी त्या घरी राहिल्या, खिडकीतून डोंगर दिसत होताच. टूरमध्ये असं थांबता येत नाही.

खामला_चौक बेटा, तू घरच घे, हॉटेल नको. सहा माणसांना हॉटेलच्या तीन खोल्या लागतात अन तिथल्या हॉटेलात किचन नसते, मग रोज दोन वेळ बाहेर खाणं. तिथे साध्या जागी बसून जेवलं तरी माणशी वीस-पंचवीस फ्रँक सहज जातात, सहा माणसांचं एक जेवण बारा-पंधरा हजारांचं. खरा पैसा तिथे जातो, डोंगरावर नाही. घर पाहताना वर दिसते त्या भाड्यावर जाऊ नको, शेवटची साफसफाई आणि गावाचा टुरिस्ट टॅक्स वेगळा लागतो, एकूण आकडा काढून मगच दोन घरांची तुलना कर.

आता सामानाचं सांगते. तूर डाळ, मूग डाळ, तांदूळ थोडे, कणीक, बेसन, पोहे, रवा, तिखट, गोडा मसाला, कोरडी शेंगदाण्याची चटणी, लोणचं, हे सगळं चालते. पण दूध-मांसाचं काहीही युरोपियन युनियनच्या बाहेरून तिथे नेता येत नाही. म्हणजे तूप नाही, खवा नाही, पेढे नाही, आणि आपण नागपूरचे लोक कोणाकडेही जाताना संत्रा बर्फी घेऊन जातो ना, ती पण नाही, त्यात खवा असते. ताजी भाजी, फळं पण नको, आपल्याला वाटते दोन काड्या कढीपत्ता अन चार हिरव्या मिरच्यांनी काय होते, पण तेही चालत नाही. मी कढीपत्ता घरीच सुकवून डाळीच्या चटणीत कुटून नेला होता. लोणी, दही, दूध, अंडी, बटाटे, कांदे, टोमॅटो तिथे कोऑप किंवा मिग्रोसमध्ये मिळतात, त्यांच्या स्वतःच्या स्वस्त ब्रँडचं घे, प्री गारंटी आणि एम-बजेट असं लिहिलेलं असते. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आधी ब्रेड, सॅलडवर सुटीचे स्टिकर लागतात. रविवारी दुकानं बंद! मोठ्या स्टेशनावरची तेवढी उघडी राहतात. शनिवारी दुपारीच दोन दिवसांचं आणून ठेव.

कुकर घेऊन जा, दोन लिटरचा, स्टीलचा. ॲल्युमिनियमचा तिथल्या इंडक्शनवर चालत नाही, आमच्या शेजारणीचा नेमका तसा झाला, पूर्ण ट्रिप नुसता बॅगेत पडून होता. आणि फोडणी देताना सांभाळ. तिथे घरात धुराचा अलार्म असू शकते. आधी एक्झॉस्ट सुरू करायचा, खिडकी उघडायची, तेल मध्यम तापलं की मोहरी टाकून लगेच झाकण, तडतड थांबली की मग जिरं, हिंग, हळद आणि ताबडतोब पाणी. आपल्याकडे तेलातून धूर निघेपर्यंत थांबायची सवय असते, ती तिथे चालत नाही. मी सहा दिवसांत पाच वेळा पिठलं केलं, एकदाही अलार्म वाजला नाही.

तुला कुकर पाहिजे असेल तर माझा घेऊन जा, प्रतापनगरला ये.

बर्डीवाली
काकूंनी सगळं सांगितलं, मी फक्त ढगांचं सांगते कारण आमचे तिथे फार पैसे गेले. आम्ही युंगफ्राऊची तिकिटं इथूनच महिनाभर आधी ठरावीक तारखेची काढून घेतली, एका एजंटने सांगितलं की नंतर मिळत नाहीत. त्या दिवशी वर पोचलो तर पांढरा पडदा. समोर ग्लेशियर आहे म्हणे, दहा फुटांवरचं दिसत नव्हतं. चार माणसांचे ऐंशी हजार रुपये, आणि माझी मुलगी रडायला लागली कारण तिने शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी आकाश निळंशार, पण आमची गाडी ल्युसर्नची होती.

वरच्या सगळ्या ठिकाणांचे लाइव्ह कॅमेरे असतात, फोनवर फुकट दिसतात. सकाळी उठून आधी कॅमेरा पहा, मग तिकीट काढा. त्यासाठी डोंगराच्या जवळ निदान चार-पाच दिवस मुक्काम पाहिजे म्हणजे एखादा दिवस साफ मिळतेच. आणि सगळे डोंगर करू नका, युंगफ्राऊ, टिटलिस, शिल्टहॉर्न असं एकामागून एक सगळे करतात अन वर गेल्यावर तेच बर्फ. एक मोठा निवडा.

खामला_चौक
बर्डीवाली ताई, वाचूनच वाईट वाटलं. आता माझा प्रश्न, बाबांना बीपी आहे, गोळी चालू आहे. युंगफ्राऊयोख ३४५४ मीटर आहे ना? त्यांना नेणं बरोबर होईल का? आणि आईंना रोपवेची भीती वाटते.

मिहानवाला
हे डॉक्टरलाच विचारा ताई, इथल्या कोणाच्या बोलण्यावर जाऊ नका. वरचं स्टेशन युरोपातलं सगळ्यात उंच रेल्वे स्टेशन आहे, १९१२ पासून आयगर डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून गाडी जाते, म्हणजे चालावं लागत नाही पण हवा विरळ असतेच. वर गेल्यावर हळू चालायचं, जिने धावत चढायचे नाहीत.

त्यांना नाहीच जमलं तर रिगी आहे, १७९८ मीटर. ल्युसर्नहून बोटीने फिट्झनाउ, तिथून दातेरी रुळांची गाडी थेट वर, कुठेही रोपवे नाही. ही लाइन १८७१ ची, युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. पास असला तर रिगी पूर्ण फुकट, हाफ फेअरवर अर्धं. जूनमध्ये रिगीवर बर्फ नसते हे मात्र बाबांना आधी सांगा, तिथून बर्फाची रांग दुरून दिसते.

अंबाझरी_तलाव
महिना कोणता धरून राहिले? मेमध्ये जाऊ नका असं मी म्हणीन. एप्रिल-मेमध्ये बरेच रोपवे मेंटेनन्ससाठी बंद असतात आणि वरच्या पायवाटांवर बर्फ असते. आणि इथे आपल्या विदर्भाचा एक फायदा आहे जो कोणी लक्षात घेत नाही. मुंबई-पुण्याच्या शाळा जूनच्या मध्यात सुरू होतात, आपल्याकडे उन्हामुळे जूनच्या शेवटी. म्हणजे जूनचा दुसरा-तिसरा आठवडा आपल्याला मिळते, त्यांना नाही. तिथे तेव्हा रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेड असते, एका दिवसात दीड दिवसाचं फिरणं होते. जुलै लागला की तिथल्या लोकांच्याच सुट्ट्या सुरू होतात आणि घरांची भाडी चढतात.

विमानाचं, मुंबईहून काढा पण नागपूर-मुंबई विमान वेगळ्या तिकिटावर असलं तर मध्ये भरपूर वेळ ठेवा, एक लेट झालं की दुसरं गेलं आणि पैसे कोणी परत देत नाही. आम्ही आदल्या रात्रीच्या दुरांतोने गेलो, मुंबईत नातेवाइकाकडे दिवस काढला, रात्रीचं विमान. सहा माणसांमागे बराच फरक पडते.

व्हिसा लवकर करा, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येते. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, म्हणजे मुलीची अर्धी, मुलाची पूर्ण. मेडिकल इन्शुरन्स निदान ३०,००० युरोचा पाहिजे, आई-बाबांचा वयामुळे महाग पडते, दोन-तीन ठिकाणी विचारा.

तर्री_पोहे
थोडं माझं पण. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं पाणी पितात तिथे. गावागावात दगडी कारंजी असतात, एकट्या झुरिकमध्ये बाराशेच्या वर आहेत, बाटली भरा अन चाला. 'काइन ट्रिंकवासर' लिहिलं असेल तर मात्र नाही, म्हणजे पिण्याचं नाही. कार्ड मशीनवर रुपये की फ्रँक असं विचारलं तर फ्रँकच दाबा, रुपये दाबले की त्यांच्या मनाचा रेट लागते. तिकीट काढल्याशिवाय गाडीत बसू नका, स्टेशनावर गेट नसते पण गाडीत चेकर येते आणि दंड जबर आहे. ग्लेशियर एक्सप्रेस, बर्निना एक्सप्रेसच्या मोठ्या काचांच्या डब्याचं रिझर्व्हेशन वेगळं घ्यावं लागते, त्याच रुळांवरून साधी गाडी पण जाते, डोंगर तेच दिसतात आणि काही डब्यांची खिडकी उघडते, तिथून फोटो उलट चांगले येतात.

इतवारीकर
काकू, तुमचं एका गावात राहण्याचं पटलं मला. वडिलांच्या टूरचं आत्ता त्यांनाच विचारलं, तर म्हणाले की रोज पहाटे उठवायचे, ते मात्र फार जड गेलं. मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

खामला_चौक
मंडळी, आम्ही मागच्या आठवड्यात परत आलो! धागा वर आणतेय कारण तुम्ही सगळ्यांनी एवढ्या मनापासून लिहिलं, तर काय झालं ते सांगणं माझं काम आहे.

जूनचा दुसरा आठवडा धरला. सहा रात्री इंटरलाकेनजवळ विल्डर्सविल म्हणून गाव आहे तिथे दोन खोल्यांचं घर, मग तीन रात्री ल्युसर्न. वहीत हिशेब केला तर हाफ फेअरच स्वस्त पडलं, चार मोठ्यांची हाफ फेअर आणि मुलांची फॅमिली कार्डं. लांबच्या दोन प्रवासांची सुपरसेव्हर तिकिटं ॲपवर आधीच काढली, ठरावीक गाडीचीच असतात, चुकली तर गेली, पण हाफ फेअरवर अजून कमी झाली. मुक्कामाच्या घरी गेस्ट कार्ड मिळालं, गावातली बस त्यावर फुकट होती.

युंगफ्राऊ. बाबांच्या डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं, हळू जायचं या अटीवर. पहिले दोन दिवस सकाळी साडेपाचला उठून मी कॅमेरा पाहत होते, दोन्ही दिवस पांढरं. तिसऱ्या दिवशी बाबाच माझ्या आधी उठून बसले होते, फोन हातात घेऊन, म्हणाले निळं आहे गं. आई नाहीच म्हणाल्या, मी पण त्यांच्यासोबत खाली राहिले, नवरा, बाबा आणि दोन्ही मुलं वर गेली. मुलं फुकट, म्हणजे फक्त दोन मोठ्यांची अर्धी तिकिटं लागली. आम्ही दोघी लाउटरब्रुनेनला श्टाउबबाख धबधब्यासमोर बाकावर डबा उघडून बसलो, जवळजवळ तीनशे मीटरवरून पाणी पडते आणि अर्ध्या वाटेत त्याचा नुसता धूर होतो. आईंनी दशमी आणि चटणी काढली. सासूसोबत अशी निवांत चार तास मी लग्नानंतर पंधरा वर्षांत कधी बसले नव्हते. त्यांनी मला त्यांच्या वर्धेच्या माहेरचं सगळं सांगितलं. दुपारी बाबांचा व्हिडिओ कॉल आला, हातमोजा काढून उघड्या हातात बर्फ धरून दाखवत होते आणि त्यांना बोलता येईना. मुलगा बाजूने म्हणत होता आजोबा हात गारठेल, मोजा घाला.

मला वर जायला न मिळाल्याचं वाईट वाटलं का असं नवऱ्याने विचारलं. नाही वाटलं. रिगीला आम्ही सहाही जणं गेलो, आई दातेरी गाडीत खिडकीशी बसून खाली तळं दाखवत होत्या.

जेवण बाहेर पूर्ण ट्रिपमध्ये दोनदा. बाकी खिचडी, पिठलं, पोळ्या, दही-भात, आणि फिरायला जाताना उकडलेली अंडी, ब्रेड, पोहे. फोडणी काकूंच्या पद्धतीने, अलार्म वाजला नाही. एक चूक झाली, पहिलाच शनिवार, आम्ही पोचलो सहानंतर आणि गावातलं दुकान बंद झालं होतं, दुसऱ्या दिवशी रविवार. इंटरलाकेन स्टेशनावरच्या दुकानातून दूध-दही महागात आणावं लागलं. शनिवारी पोचणार असाल तर पहिल्या दोन दिवसांचं दुधाशिवाय भागेल असं सामान बॅगेत वरच ठेवा.

एकूण खर्च अकरा लाख साठ हजार. विमान, व्हिसा, इन्शुरन्स, राहणं, प्रवास, किराणा आणि आईंनी घेतलेली एक लाकडी गाय, सगळं धरून.

बर्डीवाली
ताई, डोळे भरून आले. तुमच्या बाबांना निळं आकाश मिळालं, फार बरं वाटलं.

मनीषनगर_२२
नवीन सदस्य. आम्ही पुढच्या जूनमध्ये पाच जणं जाऊन राहिलो, हा धागा पूर्ण वाचून वही केली. एकच विचारायचं, तो दोन लिटरचा कुकर पाच माणसांना पुरते का? की तीनचा घ्यावा?

खामला_चौक
पुरते. खिचडी एकदा, वरण-भात असला तर दोनदा लावायचा. माझ्याकडेच आहे अजून, काकूंना परत द्यायला गेले तर म्हणाल्या ठेव तुझ्याकडेच, पुढच्याला दे. शिटी नवीन टाकली आहे. खामल्याला या कधीही संध्याकाळी, घेऊन जा.